पाचव्या दिवसाचं रक्त

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला कावासाकी आजार झाला, म्हणजे तापासोबत रक्तवाहिन्यांना सूज आणणारा लहान मुलांचा आजार. मी खानापुरात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्यामुळे त्याचं पहिलं रक्त मीच काढलं, पहिला रिपोर्ट मीच छापला आणि पुढे बेळगावच्या हॉस्पिटलात बहिणीसोबत राहिले तेही मीच, कारण मेव्हणे गोव्यात कामाला आणि त्यांना एवढी सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होणाऱ्या साध्या चाचण्यांवरून या आजारात महागडं औषध लागू पडेल की नाही, याचा अंदाज आधीच बांधता येतो. हे आपल्या भागातल्या आईबापांना आणि माझ्यासारख्या लॅबवाल्यांनाही माहीत असावं असं मला फार वाटतं, म्हणून लिहितेय.

बहिणीचं सासर नंदगडच्या बाजूला. पोरगं सव्वा वर्षाचं, वजन दहा किलोच्या आसपास. ताप आला तेव्हा गावात निम्म्या घरांत कोणी ना कोणी तापानं पडलेलं होतं, त्यामुळे कोणाला विशेष वाटलं नाही. औषध दिलं की दोन तास ताप उतरायचा आणि पुन्हा १०३ वर जायचा. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ आलं, डोळे लाल झाले. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "गोवर निघालाय, बाहेर नेऊ नका." उशाला कडुलिंबाचा पाला ठेवला. त्यांच्या दृष्टीनं त्यात चूक काही नव्हतं. ताप, पुरळ आणि लाल डोळे म्हटलं की आपल्याकडे गोवरच आठवतो. पण याला नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस झाली होती. शिवाय गोवरात डोळ्यांतून पाणी गळतं, नाक वाहतं, खोकला असतो, आणि याचं नाक कोरडं ठणठणीत. डोळे तर नुसते लाल, चिकटा नाही की पाणी नाही. बहिणीनं फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, उद्या सकाळी त्याला घेऊन ये, आधी रक्त बघू.

चौथ्या दिवशी सकाळी ती भिजत लॅबवर आली. तापानं सुकलेल्या मुलाची शीर सापडणं म्हणजे परीक्षाच. हातावरची एक शीर लागली, पण रक्त थेंबाथेंबानं येत होतं. जांभळ्या बुचाची ट्यूब भरली, हलवली, मशीनला लावली. प्लेटलेट्स आल्या ९२ हजार.

त्या आठवड्यात तालुक्यात डेंग्यूचे पेशंट होते. तापाचं मूल आणि ९२ हजार प्लेटलेट्स असा कागद हातात पडला की पुढचे दोन दिवस सगळं डेंग्यूच्या वाटेनं जाणार. पण मशीननं आकड्याशेजारी खूण दाखवली होती. ट्यूबमध्ये लाकडी काडी फिरवून वर काढली, तर टोकाला बारीक, तांबडी गुठळी लोंबत होती. काचेवर रक्ताचा थर ओढून मायक्रोस्कोपखाली धरला, तर कडेला प्लेटलेट्सचे पुंजकेच्या पुंजके. मशीन मोकळ्या प्लेटलेट्स मोजतं, चिकटून बसलेल्या मोजत नाही. दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त घेतलं, या वेळी धार चांगली लागली. प्लेटलेट्स साडेतीन लाख. पांढऱ्या पेशी १८ हजारांवर आणि त्यांतल्या बहुतेक न्यूट्रोफिल. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा उतरतात, इथे उलट चढलेल्या. लहान मुलाच्या रिपोर्टवर आकडा छापण्याआधी ट्यूबमध्ये गुठळी आहे का, हे बघण्याला पर्याय नाही. पुढे मोठ्या हॉस्पिटलात या आकड्यांची बेरीज मांडली जाते आणि तिच्यावरून औषध ठरतं.

आमच्या गावातले डॉक्टर वयानं मोठे आहेत. त्यांनी मुलाला कपडे काढायला लावून दिव्याखाली बघितलं. ओठ फुटून लालभडक, जीभ दाणेदार लाल, तळवे सुजलेले, मानेला एका बाजूला गाठ. मग त्यांनी डाव्या खांद्यावर बोट ठेवलं. जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजीचा वण लाल होऊन फुगला होता, भोवती रुपयाएवढं वर्तुळ. "हे कधीपासून?" बहिणीला वाटलं होतं डास चावला असेल. डॉक्टर म्हणाले, "आजच बेळगावला न्या. हृदयाची सोनोग्राफी करणारे बालरोगतज्ज्ञ असतील तिथंच न्या." बीसीजीचा वण असा पेटणं ही या आजाराची फार बोलकी खूण आहे. भारतात बहुतेक प्रत्येक मुलाला ही लस मिळते, म्हणून आपल्याकडे ती खूण हाताशी असते. अंगठ्याएवढ्या जागेकडे फक्त बघावं लागतं.

तरी घरून निघून बेळगावला पोहोचेपर्यंत पाचवा दिवस उजाडला. रस्त्यात पाऊस, गोवावेसपर्यंत यायलाच दुप्पट वेळ. हॉस्पिटलातल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी आल्याआल्या दोन गोष्टी केल्या: रक्त घेतलं आणि एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. सलाईनसुद्धा त्यानंतर. कारण आम्हाला नीट समजावलं. या आजारातलं ते महागडं औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. ते सुरू झालं की रक्तातले बरेच आकडे बदलतात, आधीचं चित्र पुन्हा मिळत नाही. त्यामुळे अंदाजासाठी जे रक्त लागतं ते पहिल्या बाटलीच्या आधीचं.

आजाराबद्दल थोडक्यात सांगते. तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६१ साली असं पहिलं मूल बघितलं आणि १९६७ साली ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. शरीरातल्या मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांना सूज येते आणि तिचा खरा धोका हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिन्यांना. उपचार झाला नाही तर साधारण चारात एका मुलाच्या या वाहिन्या फुगतात. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर हे प्रमाण शेकडा चार-पाचावर येतं. पण दहा ते वीस टक्के मुलांना हे औषध लागू पडत नाही. बाटली संपून ३६ तास उलटल्यावरही ताप राहतो किंवा परत येतो, आणि अशाच मुलांच्या वाहिन्या जास्त बिघडतात. म्हणून ही मुलं कोण, ते आधीच ओळखायचं.

ओळखायचं कसं, तर तोहरू कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली जपानमध्ये एक गुणपत्रक मांडलं. सोडियम १३३ किंवा कमी, एसजीओटी (यकृताची एक चाचणी) १०० किंवा जास्त, न्यूट्रोफिल ८० टक्के किंवा जास्त, आणि उपचार चौथ्या दिवशी किंवा त्याआधी सुरू: प्रत्येकी दोन गुण. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी चाचणी) १० किंवा जास्त, प्लेटलेट्स तीन लाख किंवा कमी, वय बारा महिने किंवा कमी: प्रत्येकी एक. चार किंवा अधिक गुण म्हणजे धोका जास्त. मॅडमनी फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत आमच्या पोराचे गुण मांडले. सोडियम १३१, दोन. न्यूट्रोफिल ८३ टक्के, दोन. एसजीओटी ५८, शून्य. प्लेटलेट्स ३ लाख ४० हजार, शून्य. आणखी तीन-चार महिन्यांनी लहान असता तर वयाचाही एक गुण पडला असता. उपचार पाचव्या दिवशी, शून्य.

सीआरपीपाशी मात्र मी थांबले. रिपोर्टवर आकडा होता १४२. हॉस्पिटलातल्या शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, "दहाच्या कितीतरी वर आहे ना?" मॅडम म्हणाल्या, "एकक बघ." जपानी गुणपत्रकातला १० हा प्रति डेसिलिटर मिलिग्रॅमचा. आपल्याकडच्या बहुतेक लॅब सीआरपी प्रति लिटरमध्ये छापतात. म्हणजे त्यांचा १० हा आपला १००. १४२ म्हणजे १४.२, एक गुण आहेच. पण याच जागी ४० असतं तर गुण शून्य, आणि एकक न बघणाऱ्यानं तिथेही एक देऊन टाकला असता. आमच्या रिपोर्टवर एकक बारीक अक्षरात कोपऱ्यात येतं. परत आल्यावर मी मालकांना सांगून ते आकड्याशेजारी ठळक करून घेतलं.

बेरीज पाच.

हेच आकडे का, हे मला समजून घ्यायचं होतं आणि मॅडमनी वेळ काढून सांगितलं. वाहिन्यांच्या भिंतींना सूज आली की त्या झिरपायला लागतात. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बाहेर जातं, आमचं २.९ होतं, म्हणजे कमी. ते या गुणपत्रकात नाही, पण कमी अल्ब्युमिनकडे सगळेच डॉक्टर लक्ष ठेवतात. सूज तीव्र असली की शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. न्यूट्रोफिल ही पहिल्या फळीतली पेशी. आजाराच्या सुरुवातीला वाहिनीच्या भिंतीत शिरून नासधूस करणाऱ्यांत ती पुढे असते. सीआरपी यकृतात तयार होतं, सुजेच्या निरोपावरून. एसजीओटी यकृतालाही झळ पोहोचल्याचं सांगतं. यात लॅबवाल्यानं एक जपायचं: ओढाताण करून काढलेल्या रक्तात तांबड्या पेशी फुटल्या की एसजीओटी खोटाच वाढतो, कारण तो त्या पेशींतही असतो. सीरम गुलाबी दिसलं तर तो आकडा या बेरजेत धरू नये, रक्त परत घ्यावं.

लवकर उपचार मिळालेल्याला दोन गुण जास्त, हे ऐकून बहीण गोंधळली. "ताई, मग आपण उशीर केला ते बरं झालं का?" तसं अजिबात नाही. ज्या मुलाचा आजार मुळातच जोरकस असतो त्याची लक्षणं लवकर पूर्ण दिसतात, म्हणून त्याचं निदान लवकर होतं. गुण त्या जोराचे आहेत. औषध लवकर मिळालं म्हणून धोका वाढत नाही, आणि थांबण्यात काहीच फायदा नाही.

एकोमध्ये डावीकडच्या मुख्य वाहिनीची फांदी किंचित रुंद निघाली, झेड स्कोअर २.३. हा आकडा मुलाच्या अंगाच्या मापानुसार काढतात. दोनपर्यंत ठीक, अडीचपासून पुढे फुगा म्हणतात. आम्ही मधल्या पट्ट्यात होतो.

मॅडमनी मग जे सांगितलं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. त्या म्हणाल्या, हे गुणपत्रक जपानी मुलांवर बसवलेलं आहे. तिथे ते चांगलं चालतं. इतर देशांतल्या मुलांवर तपासलं तेव्हा गुण जास्त असलेल्यांत धोका दिसला, पण गुण कमी असलेली बरीच मुलंही निसटली. त्यामुळे गुण जास्त आले तर मी ते मानते, कमी आले म्हणून निर्धास्त होत नाही. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर, एनटी-प्रोबीएनपी, फेरिटिन, इंटरल्युकिन-६ अशा रक्तातल्या कितीतरी खुणांवर जगभर काम चाललंय. भारतात चंदीगडच्या पीजीआयमध्ये या आजारावर वर्षानुवर्षं काम होतंय. पण एकच आकडा बघून कोणत्याही मुलाबद्दल ठाम सांगावं, असा आकडा आज आमच्या हातात नाही.

त्यांनी ठरवलं की इम्युनोग्लोब्युलिनसोबतच स्टेरॉइड द्यायचं. यामागेही जपानमधलाच अभ्यास होता, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. त्यात जास्त गुणांची २४८ मुलं होती. नुसतं इम्युनोग्लोब्युलिन मिळालेल्यांत २३ टक्के मुलांच्या वाहिन्या बिघडल्या, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळालेल्यांत ३ टक्के. स्टेरॉइड म्हटल्यावर बहिणीचे हात गार पडले, गावाकडे त्या शब्दाची भीती आहे. मी तिला तो २३ आणि ३ चा फरक दोनदा सांगितला. मग तिनं सही केली.

औषधाचा हिशेब किलोला दोन ग्रॅम. दहा किलोला वीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चार बाटल्या. रक्कम ऐकून मेव्हण्यांनी गोव्याहून सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत काही तिथून, काही माझ्या भिशीतून उभी राहिली. बाटल्या फ्रिजमधून काढून खोलीच्या उष्णतेला आणतात, मग अगदी हळू सुरू करतात. सिस्टर दर थोड्या वेळानं ताप, नाडी, श्वास लिहायच्या आणि वेग एकेक पायरी वाढवायच्या. रात्रभर दहा-बारा तास चालतं हे. पहाटे पोरगं घामेजलं आणि पहिल्यांदा नीट झोपलं.

मग ३६ तासांची वाट. शेजारच्या खाटेवर बैलहोंगलकडची एक चार वर्षांची मुलगी होती, तोच आजार. तिची आई कानडी, आमची बहीण मराठी. दोघी अर्धं कानडी अर्धं मराठी बोलत एकमेकींना धीर द्यायच्या. सकाळ-संध्याकाळ पडद्यापलीकडून विचारणा व्हायची, "ज्वर इळीतेन्री?" म्हणजे ताप उतरला का? त्या मुलीचे गुण कमी होते. सोडियम १३६, न्यूट्रोफिल ७१ टक्के, एको स्वच्छ. तिला नुसतं इम्युनोग्लोब्युलिन दिलं होतं, आणि ते संपून दीड दिवस उलटल्यावर तिला पुन्हा १०२ ताप भरला. आमचा मात्र परत आला नाही.

कागदावर सगळं उलटं घडलं होतं. जास्त गुणांचं मूल सुटलं, कमी गुणांची मुलगी अडकली. मी त्यावर पुष्कळ विचार केला. आमचा अंदाज खरा होता की खोटा, हे आता कधीच कळणार नाही, कारण अंदाज मानूनच त्याला स्टेरॉइड दिलं. कदाचित नुसत्या इम्युनोग्लोब्युलिननंही भागलं असतं. मला त्याची खंत नाही. मात्र त्या मुलीच्या बाबतीत रक्तानं आधी काहीच सांगितलं नव्हतं आणि मॅडमनी ते आधीच बोलून दाखवलं होतं. म्हणूनच ताप परत येताच त्यांनी वेळ घालवला नाही. क्षयाची शंका नको म्हणून छातीचा एक्स-रे आणि चाचणी करून घेतली आणि इन्फ्लिक्सिमॅब हे सूज उतरवणारं दुसरं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी तीही तापातून मोकळी झाली.

घरी आल्यावर दोन आकड्यांनी घरचे हादरले, आणि ते दोन्ही अपेक्षित होते. एक म्हणजे ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात ते माप, ११० मिलिमीटर. इम्युनोग्लोब्युलिनमुळेच तांबड्या पेशी चवडीसारख्या चिकटतात आणि झपाट्यानं खाली बसतात, त्यामुळे हे औषध दिल्यावर काही आठवडे ईएसआर बघून काही ठरवायचं नाही. सीआरपी बघायचं, ते ६ वर आलं होतं. दुसरं, प्लेटलेट्स ७ लाख ८० हजार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या अशा चढतात, आणि गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिनची अर्धी गोळी चालू ठेवतात. त्याच सुमाराला नखांच्या कडेपासून बोटांची कातडी पापुद्र्यांसारखी सुटली. सासूबाईंनी खोबरेल लावलं, ते चाललं.

अ‍ॅस्पिरिन चालू असताना आमच्यासाठी दोन नियम होते. मेडिकलमधून मनानं आणलेलं तापाचं औषध द्यायचं नाही, कारण बऱ्याच सिरपांत आयबुप्रोफेन असतं आणि ते अ‍ॅस्पिरिनचं काम बिघडवतं. आणि घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर लगेच हॉस्पिटलला कळवायचं, कारण तशा संसर्गात अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर यकृत आणि मेंदूला धोका संभवतो.

सहाव्या आठवड्यातल्या एकोत झेड स्कोअर १.४ आला आणि अ‍ॅस्पिरिन थांबलं. पण लसीचा विषय उरलाच. गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात, आणि इम्युनोग्लोब्युलिन घेतल्यावर अकरा महिने ही लस घेऊन उपयोग होत नाही, बाहेरून मिळालेली प्रतिपिंडं तिला निकामी करतात. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या, नाव राहिलंय म्हणून. डिस्चार्ज कार्डावर मॅडमनी अकरा महिन्यांनंतरची तारीख लाल पेनानं लिहून दिली होती. त्याची झेरॉक्स मी लसीच्या कार्डाला टाचून दिली आणि एक प्रत आरोग्य केंद्रात नेऊन दिली. त्यांनी रजिस्टरमध्ये ती तारीख चढवली. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला ती येते, आणि वर्षाचा एकोही त्याच महिन्यात आहे.